राज्याआधीचा महाराष्ट्र

गेल्या दिवाळीत नंदुरबार जिल्ह्यातल्या कोरीट गावी एका जुन्या स्नेह्यांकडे चार दिवस राहण्याचा योग आला. पाडव्याची सकाळ होती. आंघोळी उरकल्या, फराळाची ताटे रिकामी झाली, आणि घरातली मुले बॅट-बॉल घेऊन जी पसार झाली ती घटकाभर दिसली नाहीत. पीक निघालेल्या शेताचा एक तुकडा हेच त्यांचे मैदान. विटांवर विटा रचून तीन यष्ट्यांचे काम भागवलेले. ओसरीवर बसून आम्ही दोघे म्हातारे तो खेळ दुरून पाहत होतो.

इतक्यात स्नेह्यांचा धाकटा नातू हिरमुसले तोंड करून आला.

"आबा, त्यांनी मुंबई घेतली आणि मला महाराष्ट्र दिला!"

"मग बिघडले काय? आपण महाराष्ट्रातलेच ना रे?" आबा म्हणाले.

"पण मुंबईसुद्धा महाराष्ट्रातच आहे. मग मुंबईची टीम वेगळी कशी? आणि आबा, आपण नक्की कोणाचे?"

आबांनी माझ्याकडे पाहिले. मी चकलीचा तुकडा तोंडात टाकून वेळ मारून नेली. प्रश्न दहा वर्षांच्या पोराचा होता, पण त्याचे उत्तर द्यायला पाऊणशे वर्षे मागे जायला हवे होते. त्या पोराला त्या दिवशी जे अर्धेमुर्धे सांगितले, तेच आज सविस्तर सांगतो.

१९४८ सालची गोष्ट. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता. तो झाला १ जुलै १९९८ रोजी. त्या काळी हा सगळा मुलूख पश्चिम खानदेश जिल्ह्यात मोडे, जिल्ह्याचे ठाणे धुळे, आणि प्रांत मुंबई. महाराष्ट्र नावाचे राज्य देशाच्या नकाशावर कोठेच नव्हते. महाराष्ट्र होता तो संतांच्या ओव्यांत, कीर्तनकारांच्या तोंडी, वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत आणि सभांच्या ठरावांत. सरकारी कागदावर मात्र त्याला जागा नव्हती.

पण आणखी एका ठिकाणी तो होता, आणि तेथे चांगला ठसठशीत होता. तो होता क्रिकेटच्या धावफलकावर.

१९३४ साली रणजी करंडकाचे सामने सुरू झाले. त्याच वर्षी पुण्यात महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन स्थापन झाली. मुंबई शहराचा संघ निराळा, आणि पुण्याला केंद्र मानून बाकीच्या मराठी मुलखाचा संघ निराळा, अशी वाटणी झाली. ह्या दुसऱ्या संघाचे नाव 'महाराष्ट्र'. म्हणजे राज्य जन्माला यायच्या सव्वीस वर्षे आधी त्याच्या नावाने अकरा माणसे मैदानात उतरू लागली होती! आपल्याकडे पाळण्यातल्या बाळाचे नाव बारशापर्यंत गुपित ठेवतात. येथे बाळ यायच्या आधीच बारसे होऊन गेले होते.

नाव नुसते मिरवायला घेतले नव्हते. प्राध्यापक दि. ब. देवधर हे ह्या संघाचे कर्णधार. पुण्याच्या कॉलेजात संस्कृत शिकवणारा हा माणूस मैदानात मात्र व्याकरण जाणत असे ते फक्त बॅटीचे. त्यांच्या नेतृत्वाखाली १९३९–४० आणि १९४०–४१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. देवधरांनी नंतर पन्नाशी ओलांडल्यावर, १९४४ साली, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतके ठोकली. तेव्हा १९४८–४९चा हंगाम उजाडला, त्या वेळी महाराष्ट्राच्या संघामागे अशी पुण्याई उभी होती.

आता तो काळ जरा डोळ्यांपुढे आणा. स्वातंत्र्याला जेमतेम सव्वा वर्ष झालेले. महात्माजींच्या हत्येची जखम ओली. फाळणीचे निर्वासित अजून छावण्यांत. आणि एकामागून एक संस्थाने विलीन होत चाललेली. क्रिकेटच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची होती. त्याच १९४८ साली अमेरिकेत क्लीव्हलंडच्या संघाने बेसबॉलचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. तिकडे खेळाडू हा संघाचा पगारदार नोकर. खेळणे हाच त्याचा धंदा. आपल्याकडे तसला धंदा नव्हता. चांगला खेळाडू पोट भरी तो एखाद्या महाराजांच्या पदरी, नाहीतर एखाद्या कचेरीत. इंदूरच्या होळकरांनी कर्नल सी. के. नायडूंना आश्रय दिला, बडोदेकरांनी विजय हजाऱ्यांना. आता महाराजच जाऊ लागले, म्हणजे खेळाडूंचे छप्परही हलू लागले. अशा धामधुमीत हा हंगाम खेळला गेला.

डिसेंबर १९४८. पुणे क्लबचे मैदान. महाराष्ट्राविरुद्ध काठेवाड. ही नावेही पाहण्यासारखी आहेत. काठेवाडातली दोनशेंहून अधिक लहानमोठी संस्थाने त्याच वर्षी फेब्रुवारीत एकत्र करण्यात आली होती आणि त्यांचे सौराष्ट्र होत होते. म्हणजे एका बाजूला मावळत्या मुलखाचे नाव, आणि दुसऱ्या बाजूला अजून न उगवलेल्या राज्याचे. काठेवाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. त्यांचे संस्थान जाऊन अजून वर्षही झाले नव्हते.

काठेवाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. मग महाराष्ट्राची फलंदाजी सुरू झाली, आणि ती काही केल्या संपेना. कोल्हापूरचे भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर आणि के. व्ही. भांडारकर ह्या दोघांनी दुसऱ्या जोडीसाठी ४५५ धावा काढल्या. दुसऱ्या जोडीचा हा विक्रम जगात पुढे १९७४ सालापर्यंत कोणाला मोडता आला नाही. भांडारकर २०५ धावा करून परतले. निंबाळकर मात्र उभेच. तीनशे झाले, चारशे झाले. भारतात प्रथम दर्जाच्या सामन्यात चारशे धावा कोणी पाहिल्या नव्हत्या. धावफलकावर आकडे उभे राहिले: महाराष्ट्र चार बाद ८२६, निंबाळकर नाबाद ४४३.

त्या काळचा जागतिक विक्रम होता डॉन ब्रॅडमनचा. १९३० साली सिडनीला त्याने नाबाद ४५२ धावा केल्या होत्या. निंबाळकर त्याच्यापासून अवघ्या नऊ धावांवर. दोन चौकार आणि एक पळती धाव म्हणजे बरोबरी. आणखी एक धाव म्हणजे जग जिंकले! एवढ्यात सुट्टी झाली आणि खेळाडू तंबूत आले.

आणि तेथे सगळे थांबले. ठाकोरसाहेबांनी कळवले की महाराष्ट्राने डाव घोषित करावा, नाहीतर आम्ही सामना सोडतो. डाव घोषित झाला नाही, आणि काठेवाडचा संघ पुन्हा मैदानात उतरला नाही. महाराष्ट्राचे कर्णधार राजा गोखले ह्यांनी आणखी दोनच षटके मागितली होती, असे सांगतात. पण ठाकोरसाहेब बधले नाहीत. सामना महाराष्ट्राचा झाला, आणि विक्रम ब्रॅडमनपाशी राहिला.

ह्या प्रसंगाबद्दल ठाकोरसाहेबांना आजवर पुष्कळ दूषणे मिळाली. खिलाडूपणाच्या तराजूत त्यांची बाजू हलकीच पडते, हे मीही कबूल करतो. परंतु वाचकहो, क्षणभर त्यांच्याही जागी उभे राहून पाहा. राज्य गेले. हातात उरला तो एक क्रिकेटचा संघ, आणि त्याच्याही नशिबी समोरच्याच्या विक्रमासाठी उन्हात चेंडू वेचत फिरणे. आपल्या संघाच्या बेअब्रूने दुसऱ्याचे नाव जगभर व्हावे, हे काही त्या राजमनाला सोसवले नाही. चूक ती चूकच. पण ती समजण्यासारखी आहे.

आणि ज्याचे नुकसान झाले त्या निंबाळकरांचे काय? ब्रॅडमनने त्यांना पत्र लिहून शाबासकी दिली, ह्याचे त्यांना जन्मभर समाधान होते. ब्रॅडमन तरी ह्या दुःखाला परका कोठे होता? त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर तो शेवटचा कसोटी डाव खेळायला आला, तेव्हा शंभराची सरासरी पुरी करायला त्याला चारच धावा हव्या होत्या, आणि तो शून्यावर बाद झाला. एक चार धावांनी हुकलेला, दुसरा नऊ धावांनी!

निंबाळकरांच्या वाट्याला मात्र याहून मोठे एक हुकणे आले. त्या हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारताच्या दौऱ्यावर होता. पाच कसोटी सामने झाले. एकाही सामन्यात ४४३ धावांच्या ह्या धन्याची वर्णी लागली नाही, आणि पुढेही कधी लागली नाही. कॉमनवेल्थ संघाविरुद्ध एक अनधिकृत कसोटी तेवढी ते खेळले. ११ डिसेंबर २०१२ रोजी कोल्हापुरात ते वारले. दुसऱ्याच दिवशी त्यांना त्र्याण्णव वर्षे पुरी व्हायची होती. तेथेही एक दिवस कमी पडला! पण प्रथम दर्जाच्या सामन्यात चारशेच्या पुढे गेलेला भारतीय फलंदाज म्हणून आजही त्यांचेच एकट्याचे नाव घ्यावे लागते.

फेब्रुवारी १९४९मध्ये मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर वेस्ट इंडीजविरुद्धची शेवटची कसोटी झाली. भारताला जिंकायला ३६१ धावा हव्या होत्या. हजाऱ्यांनी १२२ केल्या. दत्तू फडकर अखेरपर्यंत झुंजत होते. भारताच्या आठ बाद ३५५ धावा झाल्या आणि वेळ संपली. सहा धावा कमी पडल्या! फडकर ३७ धावांवर नाबाद राहिले. जणू त्या हंगामाच्या कुंडलीतच थोडक्यासाठी हुकण्याचा योग लिहिलेला होता.

हेच फडकर महिनाभराने पुण्यात आले ते मुंबईच्या संघातून. रणजी करंडकाचा उपांत्य सामना: मुंबईविरुद्ध महाराष्ट्र. मार्च १९४९. त्याच महिन्याच्या एक तारखेला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले होते. निकाल लागेपर्यंत खेळायचे, अशी त्या सामन्याची रीत. म्हणजे घड्याळाची भीती कोणालाच नाही. आणि फलंदाजाला घड्याळाची भीती नसली की गोलंदाजाच्या हाडांची काडे होतात.

मुंबईने पहिल्या डावात ६५१ धावा केल्या. यष्टिरक्षक माधव मंत्री ह्यांनी एकट्याने २००. उदय मर्चंट १४३, फडकर १३१. महाराष्ट्राने उत्तर दिले ४०७ धावांनी. एरवी एवढ्या धावांत कोणताही सामना जिंकावा. येथे त्या २४४नी कमी पडल्या. मुंबई पुन्हा फलंदाजीला उतरली आणि आठ बाद ७१४ धावांवर तिने डाव सोडला. उदय मर्चंट पुन्हा १५६, फडकर पुन्हा १६०.

महाराष्ट्रापुढे हिशेब मांडला गेला: जिंकायला ९५९ धावा.

ह्या आकड्याकडे नीट पाहा. चौथ्या डावात एवढ्या धावा जगात कोणी केल्या नव्हत्या. तोवरची सर्वांत मोठी मजल इंग्लंडची, १९३९ साली डर्बनला पाच बाद ६५४; आणि तेथेही बोट गाठायची म्हणून सामना अर्धवट सोडावा लागला होता. ९५९ म्हणजे पुण्याहून काशी, तीही अनवाणी. समंजस माणसाने अशा वेळी चार फटके मारून हसतमुखाने घरी जावे.

महाराष्ट्राचे खेळाडू घरी गेले नाहीत. त्यांनी धावा करायला सुरुवात केली. पहिल्या डावात १३३ धावा करणारे मधुसूदन रेगे ह्यांनी दुसऱ्याही डावात शंभर पुऱ्या केल्या. एकाच सामन्यात दोन शतके करणारे मर्चंट, फडकर आणि रेगे, असे तिघे जण झाले. पाचशे झाले, सहाशे झाले, आणि ६०४ धावांवर महाराष्ट्राचा शेवटचा गडी बाद झाला. मुंबई ३५४ धावांनी जिंकली.

चारी डावांची बेरीज २,३७६ धावा! एकाच सामन्यात नऊ शतके! प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये इतक्या धावा त्याआधी कोणत्याही एका सामन्यात झाल्या नव्हत्या, आणि तो विक्रम अजून अबाधित आहे.

कोणी म्हणेल, ६०४ करून काय मिळाले? शेवटी हरलेच ना? खरे आहे. परंतु मला वाटते, निंबाळकरांच्या ४४३ इतकेच, किंबहुना कांकणभर जास्तच, महाराष्ट्राच्या त्या हंगामाचे मोल ह्या हरलेल्या ६०४ धावांत आहे. ४४३ धावांच्या वेळी समोरचा संघ दुबळा होता, आणि शेवटी तो मैदान सोडून गेला. ह्या वेळी समोर मुंबईसारखा मातबर संघ होता, विजयाची आशा नव्हती, आणि मैदान सोडून जाण्याचा मोह पडावा अशीच सगळी परिस्थिती होती. डिसेंबरात काठेवाडने जे केले, ते मार्चमध्ये महाराष्ट्राने केले नाही. शेवटचा गडी बाद होईपर्यंत तो खेळत राहिला. हरायचेच तर पुरते खेळून हरावे, हा धडा त्या पराभवाने घालून दिला.

आता त्या मुलाच्या मूळ प्रश्नाकडे येतो. आपण नक्की कोणाचे? ह्या सामन्यातली माणसे मुळची कोठली ती पाहा. मुंबईसाठी २०० धावा काढणारे मंत्री जन्मले नाशकात. मुंबईसाठी दोन शतके ठोकणारे फडकर कोल्हापूरचे, आणि मुंबईकडे जाण्यापूर्वी ते महाराष्ट्राकडूनच रणजी खेळलेले. उलट महाराष्ट्रासाठी दोन शतके काढणाऱ्या रेग्यांचा जन्म मुंबईच्या अंगणातल्या पनवेलचा! म्हणजे नाशिक-कोल्हापूरने मुंबई जिंकवली, आणि पनवेलने महाराष्ट्राची बाजू सावरली. ज्या रेषेच्या दोन्ही बाजूंना हे वीर उभे होते, ती रेषा चुन्याने आखलेल्या सीमेइतकीच टिकाऊ होती. सामना संपला की पुसली जायची.

मुंबईने पुढे अंतिम सामन्यात बडोद्याला ४६८ धावांनी हरवून करंडक नेला. त्यानंतर लवकरच, १ मे १९४९ रोजी, बडोदे संस्थानही विलीन झाले. राजाश्रय सरला, आणि खेळाडू नव्या धन्याच्या शोधात निघाले. निंबाळकर होळकरांकडून खेळले, राजस्थानकडून खेळले, आणि शेवटी रेल्वेकडून खेळले. महाराजांच्या पालखीतून उतरून भारतीय क्रिकेट आगगाडीत बसले, म्हणाना!

बडोद्याच्या विलीनीकरणानंतर बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य झाले. त्यासाठी सभा झाल्या, मोर्चे निघाले, हुतात्म्यांनी प्राण दिले. मुंबई राजधानी झाली. त्याच वेळी आपल्या ह्या पश्चिम खानदेशाच्या कडेची काही गावे गुजरातेकडे गेली. सीमा म्हणजे काय, हे इकडच्या माणसांना नकाशावरून शिकावे लागत नाही. कित्येकांच्या सोयरिकी सीमेपलीकडे आहेत.

राज्य एक झाले. पण क्रिकेटचा नकाशा मात्र होता तसाच राहिला. मुंबई वेगळी, महाराष्ट्र वेगळा, आणि विदर्भही वेगळा. आजही एका राज्याचे तीन संघ रणजी करंडकासाठी एकमेकांशी झुंजतात. मुंबईने करंडक कितीदा तरी नेला, अलीकडे विदर्भानेही नेला. देवधरांच्या दिवसांनंतर महाराष्ट्राच्या वाट्याला मात्र तो अद्याप आलेला नाही. अंतिम सामन्यापर्यंत जाऊन परतणे तेवढे झाले आहे. पण खानदेशातल्या कोणा पोराने उद्या नाव काढले, तर ते क्रिकेटच्या वहीत लिहिले जाईल ते ह्याच संघात: निंबाळकरांच्या, रेग्यांच्या, देवधरांच्या महाराष्ट्रात.

एवढे सगळे काही त्या सकाळी मी त्या मुलाला सांगितले नाही. आकडे तेवढे सांगितले. ४४३ ऐकून त्याचे डोळे मोठे झाले. ९५९ ऐकून तो हसला. मग विचारता झाला, "आणि महाराष्ट्राने किती केल्या?"

"सहाशे चार."

"म्हणजे हरले."

"हरले. पण शेवटचा गडी बाद होईपर्यंत खेळले."

तो जरा वेळ उंबऱ्यावर बसला. आतून त्याच्या आजीने हाक मारून हातावर बेसनाचा लाडू ठेवला. तो खाता खाता मुलगा उठला आणि शेताकडे पळाला. थोड्या वेळाने वाऱ्यावरून त्याचा आवाज ऐकू आला:

"चालेल, महाराष्ट्र मी घेतो! पण कितीही आउट झालो तरी शेवटची विकेट पडेस्तोवर कोणी घरी जायचे नाही!"

आबा माझ्याकडे पाहून हसले, आणि त्यांनी चिवड्याची ताटली माझ्यापुढे सरकवली.